नोंद, काळ आणि कर्ता : क्रीडानायकांवरील आरोपांचे संस्थात्मक कथन

१

पोलीस ठाण्यातील जबाब, विद्यापीठाचा चौकशी-अहवाल, सरकारी वकिलाचे निवेदन, न्यायाधीशाचे निकालपत्र या लेखनप्रकारांकडे साहित्यसमीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. त्यांचे मूल्य त्यांतील माहितीवर ठरते, रचनेशी त्याचा संबंध नाही, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. कथनमीमांसेने हे गृहीतक पूर्वीच सैल केले आहे. घटना कोठून सांगावयास आरंभ करायचा, कोणत्या पात्राला भूतकाळ द्यायचा आणि कोणाला भविष्यकाळ, क्रियापदाला कर्ता पुरवायचा की नाही, हे निर्णय कादंबरीकाराला जसे घ्यावे लागतात तसेच ते कारकुनालाही घ्यावे लागतात. कारकुनाच्या निर्णयांनी हयात माणसांच्या आयुष्याची दिशा बदलते, म्हणून ते अधिक काळजीने वाचले जाणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या नामांकित खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले असता तेथील अधिकारी ते कसे हाताळतात, हा प्रश्न या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. गेल्या दोन दशकांत या विषयावर तेथे शोधपत्रकारिता, चौकशी-अहवाल आणि आत्मकथन अशा विविध रूपांत लेखन झाले. जॉन क्रॅकाउअर यांचे ‘मिझूला’ (२०१५) आणि शनेल मिलर यांचे ‘नो माय नेम’ (२०१९) ही त्यांतील दोन महत्त्वाची पुस्तके. त्यांच्या शेजारी टॅलाहासी येथील एका तपासाचा इतिहास आणि टेक्सासमधील बेलर विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्षांचा सारांश ठेवला असता साहित्यिक कथन आणि संस्थात्मक कथन यांतील संबंध स्पष्ट होऊ लागतो.

मराठी वाचकास या विषयाची पार्श्वभूमी थोडी अपरिचित असण्याचा संभव आहे. आपल्याकडे विद्यापीठीय क्रीडास्पर्धा हा अभ्यासक्रमाबाहेरचा, बहुधा दुर्लक्षित उपक्रम असतो. अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल हा प्रचंड उलाढालीचा उद्योग आहे. काही विद्यापीठांच्या क्रीडांगणांत लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल किंवा कुलगुरू नसून फुटबॉलचा प्रशिक्षक असतो. खेळाडूला मात्र दीर्घकाळ शिष्यवृत्तीवरच समाधान मानावे लागे. स्वतःच्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मुभा त्याला २०२१ मध्ये मिळाली आणि विद्यापीठाने उत्पन्नातील वाटा त्याला थेट देण्याची व्यवस्था २०२५ मध्ये आली. तात्पर्य, नामांकित खेळाडू हा एकाच वेळी संस्थेचा विद्यार्थी आणि संस्थेची मत्ता असतो. त्याच्याविरुद्ध तक्रार आली की तिची चौकशी करणारी संस्था आणि त्याच्या खेळावर उत्पन्न व प्रतिष्ठा मिळविणारी संस्था एकच असते. शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावास मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाईन’ या कायद्यान्वये अशी चौकशी करणे हे विद्यापीठाचे कर्तव्य ठरते. फौजदारी तपास त्याहून वेगळा व समांतर चालतो.

अधिकारी अशा प्रसंगी उघड पक्षपात करतात, खोटे बोलतात, असे सरधोपटपणे म्हटले जाते. उपलब्ध प्रकरणे बारकाईने वाचली असता चित्र निराळे दिसते. अधिकारी बहुधा खोटे बोलत नाहीत; ते नोंद करीत नाहीत, अथवा उशिरा करतात, अथवा कोणालाही वाचता येणार नाही अशी करतात. पुढे या नोंदीच्या अभावालाच ‘संशय’ असे नाव मिळते आणि संशयाचा फायदा न्यायतत्त्वानुसार आरोपीला दिला जातो. म्हणून येथे दोन प्रकारच्या संशयांत भेद करणे आवश्यक ठरते. तपास पूर्ण करूनही उरतो तो पहिला संशय. कोणत्याही सुसंस्कृत न्यायव्यवस्थेने त्याचा आदर केलाच पाहिजे. तपासच न केल्यामुळे जो निर्माण होतो तो दुसरा. त्याला निर्मित संशय म्हणता येईल. संस्थात्मक कथनाचे कौशल्य या दुसऱ्या संशयाला पहिल्याचा वेष देण्यात असते, आणि त्या कथनाची भाषा हेच त्याचे मुख्य साधन असते.

२

या भाषेचा पहिला विशेष तिच्या काळयोजनेत आढळतो. फ्लॉरिडा राज्यातील टॅलाहासी या विद्यापीठनगरीत ७ डिसेंबर २०१२ च्या पहाटे फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीने बलात्काराची तक्रार केली. जानेवारी २०१३ मध्ये तिने वर्गात त्या तरुणाला ओळखले आणि त्याचे नाव पोलिसांना कळविले. तो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा होतकरू क्वार्टरबॅक होता. ज्या मद्यगृहात ती त्या रात्री गेली होती तेथील छायाचित्रकांचे मुद्रण पोलिसांनी वेळीच ताब्यात घेतले नाही. खेळाडूशी पहिला संपर्क त्यांनी दूरध्वनीवरून साधला. पुढे त्याने वकिलामार्फत जबाब देण्याचे नाकारले. फेब्रुवारीत तपास थांबविण्यात आला. त्याच्या जनुकीय तपासणीचा नमुना घेतला गेला तो नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे वृत्तपत्रांनी कागदपत्रांची मागणी केल्यानंतर आणि तक्रारीला अकरा महिने उलटल्यावर. तोवर तो देशातील सर्वाधिक चर्चिला जाणारा खेळाडू झाला होता.

५ डिसेंबर २०१३ रोजी सरकारी वकिलाने पत्रकार परिषदेत खटला न भरण्याचा निर्णय जाहीर केला. खेळाडूच्या बाजूने संबंध परस्परसंमतीचे असल्याचे सांगण्यात आले होते, आणि उपलब्ध पुराव्यावर दोषसिद्धी शक्य नाही, हे सरकारी वकिलाचे म्हणणे होते. त्या परिषदेत अधूनमधून हशाही पिकला. दोन दिवसांनी संघाचा विभागीय अजिंक्यपदाचा सामना होता. १४ डिसेंबरला खेळाडूला विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, हाइझमन ट्रॉफी, प्राप्त झाली. ६ जानेवारी २०१४ रोजी संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. विद्यापीठाच्या क्रीडाविभागाला तक्रारीची माहिती जानेवारी २०१३ मध्येच होती, ही गोष्ट ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने एप्रिल २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. विद्यापीठाने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्तींनी डिसेंबर २०१४ मध्ये सुनावणी घेऊन शिस्तभंग सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. जानेवारी २०१६ मध्ये विद्यापीठाने उत्तरदायित्व मान्य न करता तक्रारदार विद्यार्थिनीशी ९,५०,००० डॉलर्सवर तडजोड केली. खेळाडूवर कधीही आरोपपत्र ठेवले गेले नाही आणि त्या रात्री नेमके काय घडले याचा निवाडा बाहेरच्या वाचकाने करू नये, हे येथे स्पष्टपणे नमूद करावयास हवे.

परंतु ज्या गोष्टीचा निवाडा करता येतो ती म्हणजे काळाची मांडणी. या प्रकरणात दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी चालताना दिसतात. हंगामाची दिनदर्शिका काटेकोर आहे. तिच्यातील कोणताही दिवस हुकत नाही. तपासाच्या दिनदर्शिकेत महिनेच्या महिने कोरे आहेत. झेराल झनेत यांनी कथनातील काळाचा विचार करताना घटनेचा प्रत्यक्ष अवधी आणि तिच्या कथनाला दिलेला अवधी यांतील तफावतीकडे लक्ष वेधले होते. एखादा कालखंड कथनातून सर्वस्वी वगळला जातो तेव्हा तो लोपही अर्थपूर्ण असतो. टॅलाहासीच्या कथनातील अर्थ या लोपांत साठलेला आहे. मुद्रण मिळविण्याचे दिवस लोपात गेले, साक्षीदारांची स्मृती ताजी असण्याचे आठवडे लोपात गेले, आणि अखेरीस सरकारी वकिलाच्या तोंडी आलेले ‘पुरेसा पुरावा नाही’ हे विधान अक्षरशः खरे ठरले. ते खरे होते म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे कठीण झाले.

दुसरा विशेष प्रयोगाचा. मराठी व्याकरणाने प्रयोगविचारात एक सूक्ष्म भेद केलेला आहे. ‘उजाडले’, ‘गडगडते’, ‘मळमळते’ अशा वाक्यांना अकर्तृक भावे प्रयोग म्हणतात. तेथे क्रिया आहे, करणारा नाही. निसर्गाच्या आणि देहाच्या आपोआप होणाऱ्या व्यापारांसाठी भाषेने ही सोय केली आहे. संस्थांच्या निवेदनांची इंग्रजी वाचताना या प्रयोगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तपासात उशीर झाला, माहिती पोहोचली नाही, प्रक्रियेत उणिवा राहिल्या, विश्वास गमावला गेला. माणसांनी केलेल्या व न केलेल्या कृती येथे पहाट व्हावी तशा घडतात. कर्ता उरतो तो फक्त खेळाडूच्या वाक्यांत. त्याने विक्रम केले, तो संघाला पुढे नेईल, त्याच्यापुढे उज्ज्वल भवितव्य आहे. तक्रारदार स्त्रीच्या वाट्याला भूतकाळ येतो. ती किती प्याली होती, कोठे गेली होती, कोणाबरोबर होती. अशा वाक्यरचनेत एकाला भविष्य आणि दुसरीला केवळ पूर्वेतिहास मिळतो. निवाडा देण्यापूर्वीच भाषेने त्याची पूर्वतयारी केलेली असते.

३

‘मिझूला’ या पुस्तकाचे महत्त्व असे की लोपात गेलेला काळ भरून काढणे हा त्याने आपला रचनाहेतू मानला. मोंटाना राज्यातील मिझूला या शहरात विद्यापीठाचा ‘ग्रिझलीज’ हा फुटबॉल संघ नागरी अभिमानाचा मानबिंदू आहे. तेथील तक्रारींच्या हाताळणीबाबत अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०१२ मध्ये विद्यापीठ, पोलीस आणि कौंटीचे सरकारी वकील कार्यालय या तिघांचीही चौकशी आरंभिली. तत्पूर्वी मार्च २०१२ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी फुटबॉलचे प्रशिक्षक आणि क्रीडासंचालक या दोघांनाही दूर केले होते. त्याची नेमकी कारणे मात्र जाहीर केली नव्हती. विद्यापीठ आणि पोलीस यांनी मे २०१३ मध्ये सुधारणांचे करार केले. सरकारी वकील कार्यालयाने केंद्रीय खात्याच्या अधिकारासच आव्हान दिले आणि जून २०१४ मध्ये तडजोड केली.

क्रॅकाउअर यांनी या पार्श्वभूमीवर अनेक प्रकरणे विणली आहेत. त्यांतील दोन परस्परांसमोर आरशासारखी उभी राहतात. पहिल्यात एका खेळाडूने आपल्या बालपणीच्या मैत्रिणीवर ती झोपेत असताना बलात्कार केला. ही घटना सप्टेंबर २०१० ची. पोलिसांच्या सूचनेनुसार तिने जानेवारी २०१२ मध्ये त्याला दूरध्वनी केला, त्याने दिलेली कबुली ध्वनिमुद्रित झाली, आणि पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. तीपैकी २० वर्षे तहकूब ठेवण्यात आली. दुसऱ्या प्रकरणात संघाच्या क्वार्टरबॅकवर आरोप होता. त्याचा खटला जूरीपुढे चालला आणि १ मार्च २०१३ रोजी तो निर्दोष सुटला. विद्यापीठाच्या अंतर्गत न्यायमंडळाने त्यापूर्वी त्याला दोषी ठरवून काढून टाकण्याची शिफारस केली होती; राज्याच्या उच्च शिक्षण आयुक्तांकडे अपील गेल्यावर तो निर्णय टिकला नाही आणि खेळाडू पुन्हा संघात आला. सरकारी वकील कार्यालयातील एक वरिष्ठ अधिकारी दरम्यान नोकरी सोडून त्याच्या बचावपक्षात दाखल झाल्या आणि २०१४ मध्ये त्याच कौंटीच्या सरकारी वकील म्हणून निवडून आल्या. या दोन प्रकरणांमधील अंतर कशाचे आहे? पहिल्यात तक्रारदार स्त्रीच्या वचनाला यंत्राने केलेली नोंद लाभली होती. दुसऱ्यात वचनासमोर वचन होते.

क्रॅकाउअर यांची रचना येथे एका पेचात सापडते आणि समीक्षेने तो झाकू नये. त्यांचा निवेदक तृतीयपुरुषी, कागदपत्रांवर विसंबणारा, संयत आहे. परंतु दुसऱ्या प्रकरणातील साक्षींचा क्रम, बचावपक्षाच्या युक्तिवादांवरील निवेदकाची टिप्पणी आणि लैंगिक आघाताच्या मानसशास्त्रावरील विवेचनांची जागा यांतून वाचकाला जूरीच्या निर्णयाविरुद्धच्या अपिलात न्यायाधीशाच्या आसनावर बसविले जाते. या अपिलात निवडलेली संहिताच वाचकापुढे येते आणि उलटतपासणी होत नाही. कायद्याने निर्दोष ठरलेल्या माणसाबद्दल असे कथन किती दूर जाऊ शकते, हा प्रश्न पुस्तकाच्या न्याय्य हेतूमुळे रद्दबातल होत नाही. विद्यापीठाने आपल्याशी अन्याय्य वर्तन केल्याची तक्रार त्या खेळाडूनेही केली होती, आणि २०१६ मध्ये त्याच्याशी २,४५,००० डॉलर्सची तडजोड झाली.

तथापि या पेचाचे मूळ पुन्हा नोंदीपाशीच पोहोचते. आयुक्तांनी विद्यापीठाचा निर्णय कोणत्या कारणास्तव फिरविला, हे पुस्तकाला सांगता येत नाही, कारण ती कागदपत्रे विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींची गोपनीयता राखणाऱ्या १९७४ च्या कायद्याखाली बंद राहिली. क्रॅकाउअर यांनी ती मिळविण्यासाठी न्यायालयात दावा लावला; मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निर्णय २०१९ मध्ये त्यांच्या विरोधात गेला. विद्यार्थ्याची गोपनीयता हे तुच्छ मूल्य नव्हे. पण परिणाम असा झाला की खेळाडू निर्दोष असेल तर त्याचे निर्दोषत्व सिद्ध करणारी, आणि अधिकाऱ्याने त्याला झुकते माप दिले असेल तर ते उघड करणारी, अशी एकच नोंद एकाच कपाटात कुलूपबंद राहिली. तिच्या जागी एक बाजूला अफवा आणि दुसऱ्या बाजूला कादंबरीसारखे वाचले जाणारे वृत्तकथन, एवढेच उरले. निवेदकाचा आवाज चढतो तो नेमका या रिकाम्या जागी, हे त्या दृष्टीने समजण्यासारखे आहे.

४

मिझूलात नोंद होती पण बंद होती. बेलर विद्यापीठाने त्यापुढचे पाऊल टाकले. टेक्सासमधील वेको येथील हे बाप्टिस्ट पंथीय विद्यापीठ २००८ नंतर नव्या प्रशिक्षकाच्या हाती फुटबॉलमध्ये झपाट्याने पुढे आले. २०१३ व २०१४ च्या हंगामांत त्याने आपल्या विभागाचे अजिंक्यपद मिळविले आणि २०१४ मध्ये त्याचे नवे क्रीडांगण उभे राहिले. त्याच वर्षी त्याच्या एका माजी खेळाडूस लैंगिक अत्याचाराबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली. अन्य तक्रारीही बाहेर येऊ लागल्यावर विश्वस्तांनी एका विधिसंस्थेकडे चौकशी सोपविली. २६ मे २०१६ रोजी विद्यापीठाने निष्कर्षांचा १३ पानी सारांश प्रसिद्ध केला, प्रशिक्षकाला दूर केले आणि अध्यक्ष केनेथ स्टार यांना पदावरून हटविले.

या सारांशातील निष्कर्ष कठोर होते. फुटबॉल विभागातील काही व्यक्ती तक्रारदार स्त्रियांना किंवा त्यांच्या पालकांना परस्पर भेटल्या आणि त्यांनी तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे पोहोचविली नाही. संघाची स्वतःची अंतर्गत शिस्तव्यवस्था विद्यापीठाच्या नियमांना समांतर चालत होती. एका प्रसंगी तर तक्रार करणाऱ्या स्त्रीविरुद्धच सूड उगवला गेला. परंतु हे सारे वाचताना वाचकाला एक विलक्षण अनुभव येतो. कोणत्याही वाक्याला विशेषनाम नाही. किती प्रसंग, कोणते वर्ष, कोणी काय सांगितले, कोणी काय ऐकून घेतले, यांचा तपशील नाही. याचे कारण केवळ भिडस्तपणा नव्हते. चौकशीकर्त्यांनी आपले निष्कर्ष विश्वस्तांपुढे तोंडी मांडले होते. सविस्तर लेखी अहवाल तयारच झाला नव्हता. ज्याचा सारांश प्रसिद्ध झाला ती मूळ संहिता अस्तित्वात नव्हती.

येथे इतिहासाने जो योगायोग साधला त्याची नोंद समीक्षेने अवश्य घ्यावी. पदावरून हटविले गेलेले अध्यक्ष स्टार हेच १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या संबंधांविषयी सादर झालेल्या शेकडो पानांच्या अहवालाचे कर्ते होते. प्रौढांमधील संमतीच्या संबंधाचा प्रसंगवार, तारीखवार तपशील देणारा तो दस्तऐवज अमेरिकन सार्वजनिक जीवनातील एक कुप्रसिद्ध संहिता होऊन राहिला. त्याच गृहस्थांच्या अध्यक्षीय कारकीर्दीतील असंमतीच्या तक्रारींबाबत मात्र तोंडी निवेदन पुरेसे मानले गेले. तोंडी निवेदनाचा निर्णय स्टार यांचा वैयक्तिक होता असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. तपशील लिहिण्याचे सामर्थ्य संस्थांजवळ असतेच. ते केव्हा वापरायचे आणि केव्हा आवरायचे याचा निर्णय सत्तेच्या गरजेनुसार होतो, एवढे या दोन दस्तऐवजांच्या तुलनेतून सिद्ध होते.

झाँ-फ्रान्स्वा ल्योतार यांनी १९८३ च्या ‘ल दिफेराँ’ या ग्रंथात अन्यायाची एक विशिष्ट जात वर्णिली होती. ज्या नियमांनी वाद चालतो त्याच नियमांमुळे ज्याला आपली हानी सिद्ध करण्याचे साधन राहत नाही, तो फिर्यादी न राहता नुसता पीडित होतो. बेलरच्या सारांशाने ‘तक्रारदार’ हा शब्द अनेकवचनी, निनावी आणि मोजता न येणारा करून ठेवला. संस्थेने चूक मान्य केली, पण ती कोणापुढे मान्य केली हे सांगितले नाही. क्षमायाचनेलाही संबोध्य व्यक्ती लागते.

५

या पार्श्वभूमीवर मिलर यांच्या लेखनाचे रचनात्मक वेगळेपण लक्षात येते. १८ जानेवारी २०१५ च्या मध्यरात्रीनंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात, एका मेजवानीनंतर, शुद्ध हरपलेल्या मिलर यांच्यावर जलतरणपटू ब्रॉक टर्नर याने अत्याचार केला. सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला पाहिले, हटकले आणि पळू लागताच पकडून ठेवले. नोंद येथे प्रारंभापासून होती, परंतु ती वाटसरूंमुळे होती. मार्च २०१६ मध्ये जूरीने त्याला तीन गुन्ह्यांत दोषी ठरविले. सरकारी पक्षाने सहा वर्षांची शिक्षा मागितली असता न्यायाधीश एरन पर्स्की यांनी २ जून २०१६ रोजी सहा महिन्यांची कैद आणि तीन वर्षांची परिवीक्षा एवढीच शिक्षा दिली. त्याने प्रत्यक्ष तुरुंगात काढले ते तीन महिने. मोठ्या कारावासाचा आरोपीवर गंभीर परिणाम होईल, हे न्यायाधीशांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. अपराध निर्विवाद सिद्ध झाल्यानंतरही भविष्यकाळ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर बदलले नाही. पुरावा भरभक्कम असला तरी कथनाचे व्याकरण टिकून राहू शकते, हे स्टॅनफर्डने दाखविले. मतदारांनी ५ जून २०१८ रोजी पर्स्की यांना पदावरून परत बोलाविले. ती प्रतिक्रियाही वादातीत नव्हती, कारण सौम्य शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाला जनमताची भीती बसली तर तिचे चटके प्रथम गरीब आरोपींना बसतील, असा इशारा अनेक विधिज्ञांनी दिला होता.

शिक्षेच्या सुनावणीत वाचलेले मिलर यांचे निवेदन दुसऱ्या दिवशी ‘एमिली डो’ या न्यायालयीन टोपणनावाने प्रसिद्ध झाले, काही दिवसांत लक्षावधींनी वाचले आणि त्याच महिन्यात अमेरिकन प्रतिनिधिगृहातही त्याचे वाचन झाले. सात हजारांहून अधिक शब्दांच्या या संहितेचे सामर्थ्य तिच्यातील भावनेत शोधले जाते. त्याहून मूलगामी गोष्ट तिच्या पुरुषयोजनेत आहे. न्यायालयात सर्वजण सर्वांविषयी तृतीयपुरुषात बोलतात. या निवेदनाचा मोठा भाग आरोपीला उद्देशून, द्वितीयपुरुषात आहे. आपल्यावर काय गुदरले याचा तपशील निवेदिकेला कामाच्या ठिकाणी बसून बातमीत वाचावा लागला होता, आणि त्या बातमीच्या शेवटी खेळाडूच्या पोहण्याच्या विक्रमी वेळा दिल्या होत्या. स्वतःच्या अनुभवाची जी वाचक म्हणून सुरुवात करते, ती निवेदनातून वक्ती होते. तृतीयपुरुषातून प्रथमपुरुषात येण्यासाठी तिला समोर एक ‘तू’ उभा करावा लागतो, ज्याला उत्तर द्यावेच लागेल. बेलरच्या सारांशात संबोध्य व्यक्ती नव्हती. येथे संहितेचा पायाच संबोधन हा आहे.

‘नो माय नेम’ या आत्मकथनात टोपणनाव गळून पडते. पुस्तकाच्या शीर्षकातच नाव जाणून घेण्याचे आवाहन आहे. पण त्याची कलात्मक कसोटी नाव उघड करण्याच्या धाडसावर लागत नाही. तपासाच्या आणि खटल्याच्या काळातील रिकामे महिने, पुढे ढकललेल्या तारखा, तयारी करून परत फिरणे, नोकरी सोडणे, घरच्यांपासून गोष्ट लपविणे, हा यंत्रणेच्या दृष्टीने नोंदण्याजोगा नसलेला काळ येथे विस्ताराने येतो. टॅलाहासीच्या कथनात जो लोप होता त्याच जागी हे पुस्तक आपला मुख्य अवधी घालविते. म्हणून त्याची गती संथ वाटली तरी तो दोष ठरत नाही. विलंब सोसणाऱ्या माणसाच्या बाजूने विलंब कसा दिसतो, हे त्याशिवाय कळले नसते.

याच प्रकरणातील एक उपकथानक संस्था आणि संहिता यांच्या नात्यावर प्रखर प्रकाश टाकते. अत्याचाराच्या जागी स्टॅनफर्डने एक छोटी बाग केली आणि मिलर यांच्या शब्दांचा फलक तेथे बसविण्याचे मान्य केले. मात्र त्यांनी निवेदनातून निवडलेली वाक्ये विद्यापीठाने नाकारली आणि अधिक सौम्य, दिलासा देणारी वाक्ये सुचविली. २०१८ मध्ये मिलर यांनी या उपक्रमातून अंग काढून घेतले. विद्यार्थ्यांनी आग्रह धरल्यावर आणि २०१९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर विद्यापीठाने त्यांची निवड मान्य केली. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या वादात विद्यापीठ संपादकाच्या भूमिकेत उतरलेले दिसते. त्याला पीडितेचा आवाज हवा होता, पण त्या आवाजाने वेदनेऐवजी सांत्वन उच्चारावे अशी अट होती.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. तक्रारदाराच्या कथनाला अधिकार देण्याच्या ओघात आरोपीचा न्याय्य प्रक्रियेचा हक्क दुय्यम ठरत नाही काय? हा आक्षेप अमेरिकेत प्रत्यक्ष धोरणाच्या पातळीवर लढला गेला आहे. केंद्रीय शिक्षण खात्याने एप्रिल २०११ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून अशा चौकशीत पुराव्याच्या झुकत्या पारड्याची कसोटी लावण्यास सांगितले. ऑक्टोबर २०१४ मध्ये हार्वर्डच्या २८ विधिप्राध्यापकांनी आपल्या विद्यापीठाच्या तदनुसारी कार्यपद्धतीस जाहीर विरोध केला. २०१७ मध्ये ते पत्र मागे घेतले गेले. २०२० च्या नियमांनी प्रत्यक्ष सुनावणी आणि उलटतपासणी सक्तीची केली. २०२४ चे नवे नियम जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरविल्याने २०२० चे नियम पुन्हा लागू झाले. प्रत्येक राजवटीबरोबर कसोटी बदलत गेली.

ड्यूक विद्यापीठाचे २००६ चे प्रकरण या आक्षेपाचा सर्वांत सबळ आधार आहे. तेथे लॅक्रॉस संघाच्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप ठेवला गेला, विद्यापीठाने हंगाम रद्द केला, प्रशिक्षकाने राजीनामा दिला. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिघांनाही निर्दोष घोषित केले. आपण खोटे बोललो होतो, असे तक्रारदार स्त्रीनेही २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले. या प्रकरणाचा उपयोग बहुधा तक्रारदारांवर अविश्वास दाखविण्यासाठी केला जातो. परंतु सरकारी वकिलाची सनद जून २००७ मध्ये रद्द झाली ती कशामुळे? खेळाडूंना अनुकूल असलेले जनुकीय तपासणीचे निष्कर्ष त्याने बचावपक्षापासून दडवून ठेवले होते, हे त्यामागील प्रमुख कारणांपैकी एक. म्हणजे येथेही अपराध नोंदीविरुद्धचाच होता. टॅलाहासीत नोंद केली गेली नाही, मिझूलात ती बंद राहिली, बेलरमध्ये लिहिलीच गेली नाही, ड्यूकमध्ये ती दडविली गेली. कधी त्याचा लाभ खेळाडूला झाला, कधी त्याचा बळी खेळाडू ठरला. तक्रारदार आणि आरोपी यांचे हित परस्परविरोधी असते हे खरे; पण वेळेवर केलेली, संपूर्ण आणि दोन्ही पक्षांना वाचता येणारी नोंद ही त्या दोघांच्याही हिताची एकमेव समान भूमी आहे. तिच्यावाचून निर्दोष माणसाला निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही आणि पीडितेला हानी सिद्ध करता येत नाही. संस्थेचे हित मात्र त्या दोघांच्याही हितांपासून भिन्न असते, आणि नोंदीचा अभाव बहुतेक वेळा तिच्याच सोयीचा ठरतो.

‘मिझूला’ आणि ‘नो माय नेम’ या पुस्तकांचे मूल्यमापन करताना हा संदर्भ सोडता येणार नाही. जे काम दप्तराने करावयाचे ते या लेखकांनी वर्षानुवर्षांच्या विलंबाने केले. क्रॅकाउअर यांना ते निवेदकाचा अधिकार ताणून करावे लागले, मिलर यांना स्वतःची गोपनीयता गमावून. दोन्ही किमती साहित्याने मोजल्या, आणि त्या मोजाव्या लागल्या ही साहित्याच्या गौरवाची बाब मानणे भाबडेपणाचे होईल. प्रत्येक तक्रारदार स्त्रीजवळ मिलर यांची भाषा नसते आणि प्रत्येक शहराला क्रॅकाउअर लाभत नाहीत. बेलरच्या सारांशातील निनावी स्त्रियांपैकी बहुतेकींच्या वाट्याला आजही ते तेरा पानांचे कर्ताहीन गद्यच आलेले आहे.